सव्वीस अंशांचं घर

दुकानात शिरलं की उजव्या हाताच्या फळीवर त्या डब्या दिसतात. पावशेर श्रीखंड मावेल एवढ्या, पारदर्शक, झाकणांना भोकं पाडलेल्या. प्रत्येकीत चार बोटं पाणी आणि पाण्यात एकेक मासा. दोन डब्यांच्या मधे जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पट्टी सरकवलेली असते, कारण शेजारचा दिसला की हे मासे कल्ले फुगवून एकमेकांवर धावून जातात. कुणी गर्द निळा, कुणी कुंकवासारखा लाल, कुणी पांढऱ्यावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा. बाजारात याचं नाव फायटर. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स.

जानेवारीतली सकाळ होती, नाशिकमधली. दुकानदार काकांनी नुकतंच शटर वर केलं होतं. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, चहाचा ग्लास पिण्याआधी दोन्ही तळव्यांत धरलेला. त्यांना विचारून मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर एका डबीत बुडवला. आकडा उतरत उतरत १५.४ वर थांबला. डबीतला मासा तळाशी एका कुशीवर टेकला होता. मला वाटलं, गेला. काकांनी डबीला टिचकी मारली. तो कसाबसा वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा तळाशी जाऊन बसला.

"थंडीत असेच राहतात," काका म्हणाले. "ऊन चढलं की हलतील."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला ‘ऊब’, आणि मला पहिल्यांदा आठवल्या त्या या डब्या. त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या हट्टापायी मी असाच एक फायटर घरी आणला होता. काचेचा गोल बाऊल, त्यात रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झुडूप. ज्या दुकानातून आणला तिथे सांगितलं होतं की फायटरला काही लागत नाही, मोटर नको, हवा नको, बाऊल पुरे. दिवाळी झाली, मार्गशीर्षातली थंडी पडली. मासा खाईनासा झाला, कोपऱ्यात राहू लागला. मग अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले. आठवड्याभरात तो मेला. भाची दिवसभर बोलली नाही. दुकानात जे सांगितलं ते सांगितलं, पण त्या बाऊलमध्ये एकदाही बोट बुडवून पाणी किती गार आहे ते मी पाहिलं नाही, ही चूक माझी होती.

या लेखाच्या निमित्ताने ती दुरुस्त करायचं ठरवलं. फायटरसाठी एक लहानशी, उबदार टाकी स्वतः उभी करायची, आणि ती करताना या कामातल्या माणसांकडे जाऊन पाहायचं, विचारायचं.

खाचरातलं पाणी

हा मासा मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यातली भातखाचरं, त्यांना पाणी देणारे पाट, गवताने भरलेल्या दलदली ही त्याची जागा. तिथली भाषा त्याला ‘प्ला कात’ म्हणते, म्हणजे चावरा मासा. झुंजीसाठी तो पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकांच्या अभ्यासात असं दिसलं की माणसाने त्याला पाळीव करून किमान चारशे वर्षं झाली आहेत. पाश्चात्त्य शास्त्राच्या वहीत तो आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तो धागा भारतातून जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॅनिश डॉक्टर थिओडोर कॅन्टर यांच्याकडे सयामच्या राजाकडून निघालेले हे मासे एका परिचितामार्फत पोचले आणि कॅन्टर यांनी त्यांचं वर्णन छापलं. आजचं नाव मात्र १९१० मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ टेट रेगन यांनी दिलं. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.

फायटर म्हणे बैलाच्या खुराच्या खड्ड्यातल्या पाण्यातही राहतो, अशी एक गोष्ट दुकानांमधून सांगितली जाते. ती अर्धी खरी असल्यामुळे जास्त घातक आहे. उन्हाळ्यात खाचर आटलं की मासे उरल्यासुरल्या डबक्यात अडकतात आणि काही काळ तग धरतात, हे खरं. पण ते त्याचं घर नसतं, ती त्याच्यावर आलेली वेळ असते. कोकणात आषाढात लावणीच्या वेळी गुडघाभर पाण्याची खाचरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कल्पना येईल. पाणी उथळ असतं, पण बांधापासून बांधापर्यंत पसरलेलं असतं. रोपांची सावली असते, तळाशी कुजलेला पालापाचोळा असतो, डासांच्या अळ्या असतात. आणि तिथलं पाणी बाराही महिने कोमट असतं.

अशा पाण्यात प्राणवायू मात्र कमी असतो. त्यावर या माशाने तोड काढली आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, घड्या घड्या पडलेला एक अवयव असतो. वाटा गुंतागुंतीच्या म्हणून त्याला लॅबिरिन्थ म्हणतात. त्या घड्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा वर येतो, हवा गिळतो आणि तिच्यातला प्राणवायू थेट रक्तात घेतो. आपल्याकडची मरळही हवा घेते, म्हणून बाजारात ती ओल्या टोपलीत तासन् तास जिवंत दिसते. फायटरच्या पिल्लांमध्ये हा अवयव जन्मतः नसतो, काही आठवड्यांनी तयार होतो. तो तयार होत असताना त्यांच्या डोक्यावरची हवा गार झाली तर पिल्लं दगावू शकतात.

या एका अवयवानेच त्याचा घात केला आहे असं मला वाटतं. गोल्डफिश चार बोटं पाण्यात ठेवला तर लवकर मरतो, म्हणून त्याला कुणी चार बोटं पाण्यात ठेवत नाही. फायटर मरत नाही. घाण पाण्यात वर येऊन हवा पितो आणि दिवस काढतो. तो मरत नाही म्हणून आपण समजतो की त्याचं बरं चाललं आहे.

नाशिकरोडला एक निवृत्त बँक कर्मचारी काका गच्चीवर फायटरची पैदास करतात. त्यांना मी विचारलं, थायलंडमध्येसुद्धा चपट्या बाटल्यांच्या रांगांमध्येच वाढवतात ना? ते म्हणाले, "वाढवतात. पण तिथली हवा बघा, आणि त्या बाटल्यांचं पाणी कितीदा बदलतात ते बघा. नाशिकच्या पौषात बाटली ठेवली तर तो फ्रिज झाला."

काच आणि सिलिकॉन

टाकी तयारही मिळते. पण आमच्या गल्लीच्या टोकाला खिडक्यांच्या काचा बसवणारे एक दादा आहेत, ते टाक्याही बांधतात, म्हणून त्यांच्याकडे गेले. दीड फूट लांब, दहा इंच रुंद, फूटभर उंच असं माप ठरलं. काठापासून दोन इंच खाली पाणी ठेवलं आणि वाळूची जागा सोडली तर पंचवीस लिटरच्या आसपास पाणी मावतं. एका फायटरला हे ऐसपैस आहे. एरवी पंधरा-वीस लिटरही चालतं. त्याहून लहान टाकीत अडचण जागेची तितकी नाही, जितकी पाण्याची. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर निवतं आणि लवकर नासतं.

दादांनी पाच मिलिमीटरची काच कापली, कडा घासल्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली आणि सिलिकॉनची बारीक धार सोडून बोटाने एका झटक्यात ओढली. व्हिनेगरसारखा वास खोलीभर पसरला. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे लिहून ठेवते. न्हाणीघरासाठी बुरशीरोधक सिलिकॉन मिळतं, ते माशाच्या टाकीला कधीही वापरायचं नाही. त्यातलं औषध पाण्यात उतरतं. साधं काचेचं सिलिकॉन घ्यायचं, पुरतं वाळू द्यायचं, वास पूर्ण जाईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही.

भरलेली टाकी तीस किलोच्या वर जाते. ती टीव्हीवर किंवा डुगडुगत्या स्टुलावर ठेवायची वस्तू नव्हे. मी ओट्यालगतच्या भक्कम कडप्प्यावर ठेवली. खिडकीचं ऊन तिथे येत नाही, त्यामुळे शेवाळही माजत नाही. खाली थर्माकोलची शीट घातली. तिने तळाच्या काचेवर भार सारखा पडतो आणि दगडाचा गारवा वर चढत नाही. वाळू धुवायला दुपार गेली. बादलीत ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा ढवळायची, असं पंधरा-सोळा वेळा. समुद्रावरचे शिंपले आणि संगमरवराचे खडे मात्र घातले नाहीत, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात.

विरजण

मासा आणायच्या आधी करायचं सगळ्यांत मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. दुकानात ते सांगत नाहीत, कारण ते सांगितलं तर गिऱ्हाईक त्या दिवशी मासा न घेता परत जाईल.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजणारं पान, सगळ्यांतून शेवटी अमोनियाच निघतो, आणि तो माशाला विष आहे. नदीत किंवा खाचरात हे विष साचत नाही, कारण तिथल्या दगडांवर, चिखलावर, मुळांवर जिवाणूंचा पातळ थर असतो. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असतं आणि वनस्पती ते खातात. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू नसतात. चकचकीत धुतलेल्या टाकीत मासा सोडणं म्हणजे संडास नसलेल्या घरात कुणाला कोंडणं.

गच्चीवरच्या काकांनी हे मला दोन शब्दांत समजावलं. "दह्यासारखं आहे. विरजण लागतं."

त्यांनी आपल्या जुन्या टाकीतल्या स्पंज फिल्टरचा काळपट, बुळबुळीत तुकडा कापून, त्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधून दिला. घरी येईपर्यंत तो ओला ठेवायचा, नळाच्या पाण्याने चुकूनही धुवायचा नाही. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आणि हे जिवाणूही जंतूच. मी टाकी भरली ती अँटिक्लोरचे थेंब घालून. दुकानात या नावाने मिळतं ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ करतं. मग माझ्या नव्या स्पंज फिल्टरला जुना तुकडा दोऱ्याने बांधला आणि एअर पंप सुरू केला. पंपाच्या नळीतून हवा वर येते, तिच्याबरोबर पाणी स्पंजमधून खेचलं जातं आणि स्पंजच्या लाखो छिद्रांत जिवाणू वस्ती करतात. लांब पंखांच्या फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी हा साधा फिल्टर मोठ्या मोटरपेक्षा चांगला.

थंडीत विरजण लावल्यावर आपण काय करतो? पातेलं गव्हाच्या डब्यात ठेवतो, नाहीतर गॅसजवळ, वर जाड फडकं गुंडाळतो. तरीही पौषातलं दही पातळच लागतं. टाकीतल्या जिवाणूंचंही तसंच आहे. सोळा अंशांत ते रेंगाळतात, सव्वीसमध्ये जोमाने वाढतात. म्हणून हीटर मासा आणल्यावर लावायचा नसतो, पहिल्या दिवसापासून लावायचा असतो. माझ्या टाकीतली पहिली ऊब माशाला मिळाली नाही, या न दिसणाऱ्या गोतावळ्याला मिळाली.

त्यांना खायला हवं म्हणून मी रोज माशाच्या खाण्याची चिमूट रिकाम्या टाकीत टाकत होते. ती कुजायची, अमोनिया निघायचा. दर दुसऱ्या दिवशी परीक्षा नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. अमोनियाच्या नळीत पिवळ्याचं हिरवं झालं की अमोनिया आहे. पहिल्या आठवड्यात हिरवा गडद होत गेला. दहाव्या दिवशी तो उतरला आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली. ती जांभळी राहिली तब्बल बारा दिवस. भाची आता कॉलेजात आहे, ती येऊन-जाऊन विचारायची, "मावशी, अजून नुसतं पाणीच?" सव्विसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तसंच. मुद्दाम जास्त खाणं टाकून पाहिलं, दोन दिवसांत पुन्हा दोन्ही शून्यावर आलं. तेव्हा टाकी लागली असं म्हणायचं. जुन्या टाकीतलं विरजण नसेल तर चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात.

नुसता हीटर लावला म्हणजे माशावर उपकार झाले, असंही समजू नये. अमोनिया कोमट पाण्यात जास्त विषारी होतो, आणि कोमट पाणी प्राणवायूही कमी धरतं. न लागलेल्या टाकीत हीटर घालून मासा सोडला तर थंडीने मरणारा विषाने मरतो. ऊब आणि स्वच्छता या टाकीत एकमेकींचा हात धरूनच येतात.

पन्नास वॅटची कांडी

निफाडजवळ माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. थंडीच्या लाटेत त्या भागात पारा इतका घसरतो की सकाळी वर्तमानपत्रात निफाडचा आकडा पहिल्यांदा शोधला जातो. अशा रात्री तो पहाटे तीनला उठतो. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो आणि विहिरीची मोटर चालू करून ठिबकला पाणी सोडतो. घड फुगवणीला आलेले असतात, मणी कडाक्यात तडकतात. त्याच्याबरोबर मी एका पहाटे बागेत उभी राहिले. विहिरीच्या पाण्यात हात घातला तर ते चक्क कोमट लागलं, वाफ निघत होती. हवा गोठली तरी पाणी आपली उष्णता सहजी सोडत नाही. भाऊ त्यावर बाग जगवतो. टाकीतही आपण तेच करतो, फक्त विहीर पंचवीस लिटरची आणि शेकोटी पन्नास वॅटची.

हा आकडा कसा काढला ते सांगते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. पंचवीस लिटर पाणी सोळावरून सव्वीसवर न्यायचं तर साडेदहाशे किलोज्यूल झाले. पन्नास वॅटचा हीटर सेकंदाला पन्नास ज्यूल देतो, म्हणजे कुठेही गळती नसली तरी जवळजवळ सहा तास. पण गळती असतेच. काचेतून, तळातून आणि सगळ्यांत जास्त उघड्या पृष्ठभागावरून. माझ्या टाकीच्या मापाला खोलीपेक्षा दहा अंश जास्त ऊब टिकवायला अंदाजे तीस-पस्तीस वॅट सतत लागतात. पंचवीस वॅटचा हीटर नाशिकच्या रात्री हरला असता. शंभरचा घेतला तर वेगळं भय. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला, बंदच झाला नाही, तर इवल्याशा टाकीतला मासा झोपेत उकडून निघतो. मुंबईत, ठाण्यात, रत्नागिरीत पंचवीसचाही पुरतो, तिथे थंडीत गरज पडते ती रात्रींपुरती. पुण्याला, नाशिकला, नागपूरला पन्नास. विजेचं म्हणाल तर तो चोवीस तास अखंड चालला तरी १.२ युनिट, आणि तो अखंड चालत नाही.

हीटर काचेच्या नळीत असतो, वर तापमानाची चकती. तो पाण्यात पूर्ण बुडालेला हवा. मी तो तळाच्या थोडा वर, आडवा, फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ लावला, म्हणजे कोमट पाणी फिरत राहतं. बुडवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग बटण दाबलं. पाणी बदलताना बटण आधी बंद करायचं, कारण तापलेली नळी हवेत उघडी पडली की तडकते. चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या हीटरवर २६ लावलं तेव्हा वेगळा लावलेला थर्मामीटर २४.५ दाखवत होता. दोन दिवस थोडं थोडं फिरवून तो २६ वर आणला.

पाणी आणि वीज एका जागी आली की इलेक्ट्रिशियनची एक फेरी चुकवू नये. आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी अर्थिंग तपासलं, बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवला आणि वायर प्लगाच्या खाली झोळ पडेल अशी सोडली. वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो, प्लगात शिरत नाही. पंपाच्या नळीत त्यांनी परतीचा व्हॉल्व्हही घालायला लावला. वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात आणि पंपातून फरशीवर येतं, ते त्याने थांबतं.

आणि झाकण. फायटर उड्या मारतो, हे एक. पण झाकणाचं खरं काम उबेचं आहे. पाणी आणि झाकण यांच्यामधल्या दोन इंचांत दमट, कोमट हवा राहते, आणि हा मासा तीच हवा पितो. तिथे खोलीतली बारा अंशांची हवा असेल तर दर घोटाला ती आत जाते.

बदामाचं पान

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी देशी बदामाचं झाड आहे. टर्मिनॅलिया कटाप्पा. कोकणात शाळेच्या वाटेवर दगडाने फोडून खायचे तेच बदाम. पानगळीआधी त्याची पानं तांबडीलाल होतात आणि झाडूवाल्या मावशी सकाळी त्यांचा ढीग करतात. थायलंडमधले फायटर पाळणारे फार पूर्वीपासून हेच पान पाण्यात घालत आले आहेत, आणि आता ते आपल्याकडे पाकिटात बांधून विकलं जातं. मी ढिगातून चार पानं उचलली, तेव्हा मावशींनी विचारलं, "काय औषध करता काय ताई?" तसं म्हटलं तर औषधच. स्वच्छ धुवून वाळवलेलं एक पान टाकलं की दोन-तीन दिवसांत पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. त्यातलं टॅनिन पाणी किंचित आम्ल करतं आणि काही जिवाणू-बुरशींना आवर घालतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मात्र हे पान उपाय नव्हे, गैरसमज नको. औषध फवारलेल्या किंवा रस्त्याच्या धुराने माखलेल्या झाडाचं पान घेऊ नये.

मला तो रंग आवडतो. पारदर्शक पाणी म्हणजे स्वच्छ पाणी ही आपली समजूत. खाचरातला मासा चहाच्या रंगाच्या पाण्यातच जन्मतो. त्या पाण्यात मी जावा फर्न आणि अनुबियास लावले, लाकडाला दोऱ्याने बांधून. ही दोन्ही झाडं कमी उजेडात जगतात. अनुबियासची रुंद पानं पृष्ठभागाजवळ आणली, फायटर त्यांवर टेकून झोपतो म्हणून.

दुकानातून घरी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेले. मनात होतं की तोच, कुशीवर टेकलेला मासा घ्यावा. काका म्हणाले, तो गेला. मग एक साधा, निळसर-करडा, आखूड पंखांचा नर घेतला. मोठाल्या शेपटीच्या हाफमूनपेक्षा आखूड पंखांचा प्लाकात जास्त चपळ आणि काटक असतो. स्वतःच्या पंखांचं ओझं त्याला वाहावं लागत नाही. नर एका टाकीत एकच, आणि मादीही त्याच्या सोबतीला नको. या माशाला एकटेपणाचं दुःख नसतं. त्याला स्वतःचा प्रदेश हवा असतो.

पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवली. मग दर काही मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत ओतलं. शेवटी मासा जाळीत घेऊन सोडला, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. सोळा अंशांतून एकदम सव्वीसमध्ये टाकणं हाही धक्काच असतो.

पहिले दोन तास तो अनुबियासखाली दडला होता. संध्याकाळी बाहेर आला. मी दुकानात पाहिलेला करडा मासा आणि हा, दोन वेगळे मासे वाटावेत इतका रंग उजळला होता. कल्ल्यामागे मोरपिशी झाक, पंखांच्या कडांना लाल रेघ. तो टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, काच तपासली, वळला, लाकडाच्या ढोलीत डोकावला. मासे शीतरक्ताचे, पाण्याचं तापमान तेच त्यांच्या अंगाचं. पंधरा अंशांत त्याचं पचन, त्याची रोगाशी झुंजण्याची शक्ती, सगळं मंदावतं. गार पाण्यातल्या फायटरला लोक शांत स्वभावाचा म्हणतात. तो शांत नसतो, गारठलेला असतो.

आठव्या दिवशी पृष्ठभागाच्या कोपऱ्यात बुडबुड्यांचा टपोरा पुंजका दिसला. साबणाचा फेस पडला की काय म्हणून मी घाबरले. ते त्याचं घरटं होतं. नर तोंडातल्या लाळेत हवा गुंडाळून एकेक बुडबुडा बांधतो. गच्चीवरच्या काकांकडे मी पुढची गोष्टही पाहिली. मादीने सोडलेली अंडी तळाकडे पडू लागली की नर एकेक तोंडात झेलून घरट्यात नेऊन चिकटवतो, आणि मग मादीला जवळ फिरकू देत नाही. दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटतात, शेपटी खाली लोंबवून घरट्याला लटकतात, निसटलं की बाप पुन्हा उचलून वर ठेवतो. झुंजार म्हणून ज्याचं नाव पडलं तो हा मासा. बुडबुड्यांचं घरटं म्हणजे मासा सुखी असल्याचा दाखला आहे, असं काही जण म्हणतात. तसं म्हणवत नाही, वाईट पाण्यातही नर घरटं करतो. पण त्या दिवशी मला आनंद झाला, हे खरं.

खाणं सकाळी दोन-तीन पेलेट, संध्याकाळी तेवढेच, आठवड्यातून एक दिवस उपास. गटारातून काढलेले ट्युबिफेक्स किडे मी देत नाही, त्यांच्याबरोबर रोग येतो. दर रविवारी पाव टाकी पाणी नळीने काढते. त्याच पाण्यात स्पंज पिळते, आणि मग ते तुळशीला आणि गुलाबाला घालते. नवीन पाणी बादलीत अँटिक्लोर घालून, गॅसवर तापवलेलं थोडं पाणी मिसळून, थर्मामीटर लावून टाकीच्या बरोबरीला आणल्यावरच ओतते. सगळं मिळून पाऊण तास.

लाइट गेली तेव्हा

फेब्रुवारीच्याच शेवटी एका रात्री अकराला लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, सकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. रात्र गार होती. मी टाकीच्या मागे आणि बाजूंना थर्माकोल उभे केले, वरून आईची जुनी गोधडी गुंडाळली, हवेसाठी एक कोपरा उघडा ठेवला. दोन बाटल्यांमध्ये गरम पाणी भरून, झाकणं घट्ट लावून, टाकीत तरंगत सोडल्या. दर दोन तासांनी त्या बदलल्या. स्पंजमधले जिवाणू गुदमरू नयेत म्हणून मधूनमधून पेल्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरली. पहाटे साडेपाचला थर्मामीटर २३ दाखवत होता. साडेसहा तासांत तीन अंश. एवढा हळू उतार मासा सोसतो. सातला लाइट आली, हीटरचा तांबडा दिवा लागला, दुपारपर्यंत पाणी पुन्हा सव्वीसवर. मासा अनुबियासच्या पानावर झोपला होता.

मार्चमध्ये मी दुकानदार काकांकडे पुन्हा गेले. हिशेब त्यांनाही मांडून दाखवला. डब्यांच्या फळीला मागे-पुढे काच लावून ती बंद केली, आत एक हीटर घातलेली पाण्याची ट्रे ठेवली आणि तिच्यात डब्या उभ्या केल्या, तर सगळ्याच कोमट राहतील. ते आधी हसले. मग म्हणाले, थंडीत डझनावारी जातात, त्या पैशात ट्रे येईल खरी. यंदा दसऱ्याला गेले तेव्हा खालच्या फळीवर ट्रे होती. वरच्या दोन फळ्या अजून तशाच आहेत.

दिवाळीनंतर थंडी उतरू लागेल. तुमच्या घरी, शेजारी, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर फायटर असेल तर उद्या पहाटे सहा वाजता उठा आणि त्याच्या पाण्यात थर्मामीटर धरा. आकडा चोवीसच्या खाली असेल तर आठवड्याच्या आत हीटर आणा. आणि मुलांना मासा घेऊन द्यायचा विचार असेल तर या पाडव्याला त्यांना रिकामी टाकी द्या. मासा मार्गशीर्षात आणा.